अ‍ॅम्लोने पाय सुजले, आता बदलायचं कशात? टेल्मा, सिलनी की पाण्याची गोळी

बीपीची गोळी लागू पडली, आकडा १३० च्या आसपास आला, घरचे खूश, आणि मग दोनेक महिन्यांत संध्याकाळी चपलेचा पट्टा बसेना, मोज्याचा रबर घोट्यावर खोल वळ सोडतो, पाय जड जड. अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घरात हे इतकं कॉमन आहे की शेजारच्या काकूसुद्धा सांगतात "अ‍ॅम्लोने होतं तसं". होतं हे खरं, पण पुढचं जे सांगतात ना, "बंद कर मग ती गोळी", तिथे गडबड आहे. कारण बंद केल्यावर पाय उतरतात आणि बीपी परत १६० ला जाऊन बसतं, आणि ते वाढलेलं बीपी काही दुखत-खुपत नाही त्यामुळे कळतही नाही.

तर हे लिहितेय ते ज्यांना गोळी सोडायची नाहीये पण बदलायची आहे त्यांच्यासाठी. डॉक्टरांना विचारून बदलायची हे धरूनच चाललेय, पण पाच मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये काय विचारायचं हे घरी ठरलेलं असलं तर बरं पडतं. माझं मत आधीच सांगून टाकते: १० एमजीवर पाय सुजत असतील तर ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन (टेल्मा), हे पहिलं विचारावं. ते जमत नसेल किंवा ५ वरही सूज राहिली तर सिलनिडिपिन (सिलनी). आणि नुसती सूज उतरवायला म्हणून पाण्याची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी), ते शक्यतो नको.

आधी सूज अ‍ॅम्लोचीच आहे ना ते बघा

नडगीच्या हाडावर घोट्याच्या जरा वर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा, खड्डा पडून तो हळूहळू भरत असेल तर सूज आहे. अ‍ॅम्लोची सूज बहुतेक दोन्ही पायांना असते, सकाळी कमी आणि दिवस उतरताना जास्त, दिवसभर उभं राहणाऱ्यांना किंवा पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्यांना (दुकानाचा गल्ला, शिलाई मशीन, लांबचा एसटी प्रवास) अजून जास्त.

पण एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर तो गोळीचा विषय नाही, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं. आडवं झालं की धाप लागते, दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येत नाही, असं असेल तर हृदय तपासायला हवं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं आणि लघवीला फेस, तर किडनी. या तिन्हीत अ‍ॅम्लोवर खापर फोडून मोकळं होऊ नका.

सूज येते कशी हे एकदा समजलं की पुढची तुलना सोपी होते. अ‍ॅम्लो बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरतं, पण पलीकडच्या बाजूच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. म्हणजे पाणी सोडणारा नळ पूर्ण उघडला आणि मोरीचं तोंड तेवढंच राहिलं. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. शरीरात एकूण पाणी वाढलेलं नसतं, ते फक्त पायात खाली साचलेलं असतं.

डोस कमी करून टेल्मा जोडणं

अ‍ॅम्लोची सूज डोसवर चालते. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात जे आकडे आहेत ते बघा: अडीच एमजीला १.८ टक्के लोकांना सूज, ५ ला ३ टक्के, १० ला १०.८ टक्के, आणि नुसत्या खोट्या गोळीवरही ०.६ टक्के. बायकांना पुरुषांपेक्षा बरीच जास्त, १४.६ विरुद्ध ५.६. म्हणजे ५ वरून १० वर गेलं की सूज तिपटीहून जास्त, आणि बीपी मात्र दुप्पट उतरत नाही, थोडंच आणखी उतरतं. हा सौदा मला तरी महागाचा वाटतो. त्यापेक्षा दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या कमी डोसमध्ये, याने बीपी जास्त उतरतं आणि दोन्हींचे त्रास कमी राहतात.

टेल्मिसार्टनचा इथे डबल फायदा आहे, ती शिरांची बाजूही सैल करते त्यामुळे केशवाहिन्यांतला तो दाब उतरतो आणि सूज बऱ्याच जणांची कमी होते. म्हणून तर टेल्मा एएम सारख्या ४० आणि ५ च्या एकत्र गोळ्या इतक्या चालतात. रोजची गोळी एकच राहते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी छोटं काम नाही.

आता टेल्माचा स्वतःचा त्रास. सुरुवातीला चक्कर, विशेषतः उठताना. रक्तात पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघायचं, ही टेस्ट टाळू नका. "बीपीसाठी चांगलं" म्हणून मिळणारं ते लो सोडियम मीठ असतं ना, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, टेल्मा चालू असेल आणि त्यात किडनी कमजोर असेल तर ते घरात आणण्याआधी विचारा. आणि उपासाला सैंधव चालतं म्हणून साबुदाण्यात सढळ हाताने घालतात, तर सैंधवसुद्धा सोडियमच आहे, बीपीला काही सूट मिळत नाही.

गुडघेदुखीवाल्यांनी इथे जरा थांबून वाचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे पेनकिलर एक तर बीपी वाढवतात, आणि टेल्मा अधिक पाण्याची गोळी अधिक पेनकिलर असं त्रिकूट जमलं तर किडनीला चांगलाच फटका बसू शकतो. मेडिकलवाला सहज देतो आणि आपणही सहज घेतो. तसंच जुलाब-उलट्या लागल्या की टेल्मा तात्पुरती थांबवायची का ते फोन करून विचारायचं, अंगातलं पाणी गेलेलं असताना ही गोळी किडनीला जड जाऊ शकते.

आणि ज्यांना दिवस जाण्याची शक्यता आहे त्यांच्यासाठी टेल्मा हा पर्यायच नाही, बाळाला धोका असतो. तिशीतल्या बीपीवाल्या मुलींना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, बऱ्याचदा विषयच निघत नाही.

सिलनिडिपिन

ही अ‍ॅम्लोचीच चुलत बहीण, जपानमध्ये तयार झालेली, आपल्याकडे सिलाकार वगैरे नावांनी मिळते, सहसा १० एमजी रोज. अ‍ॅम्लो मुख्यतः एका प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलवर (पेशीत कॅल्शियम आत सोडणारं दार) काम करते, ही दोन प्रकारच्या, त्यातला दुसरा नसांच्या टोकाशी असतो, आणि त्यामुळे शिरांची बाजूही थोडी सैल होते. परिणाम काय तर पाय कमी सुजतात आणि अ‍ॅम्लोने काहींना जी छातीत धडधड होते तीही कमी. भारतात झालेल्या छोट्या अभ्यासांमध्ये सूज आलेल्यांना अ‍ॅम्लोवरून सिलनीवर नेलं आणि बहुतेकांचे पाय उतरले असं दिसलंय.

मग सगळ्यांना हीच का नाही देत? कारण अ‍ॅम्लोच्या मागे हजारो पेशंटवर वर्षानुवर्षं चाललेल्या ट्रायल आहेत, २००२ ची ऑलहॅट तर तेहतीस हजारांवर माणसांची होती, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक किती होतात ते मोजलेली. सिलनीकडे एवढा भक्कम पुरावा नाही. आणि ती महाग पडते, जेनेरिकमध्ये अ‍ॅम्लो जवळजवळ फुकट वाटावी इतकी स्वस्त आहे. म्हणून मी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवलं. पण टेल्मा चालत नसेल (क्रिएटिनिन वाढलंय, पोटॅशियम वाढलंय) तर सिलनी पहिल्या नंबरवर येते, आणि टेल्मा अधिक सिलनी अशीही एकत्र गोळी मिळते, दोन्ही जमत असेल तर उत्तमच.

एस-अ‍ॅम्लोडिपिन म्हणून अजून एक मिळते, अडीच एमजी म्हणजे साध्या अ‍ॅम्लोच्या पाचच्या बरोबरीची, सूज कमी असा दावा. काही डॉक्टर देतात. मूळ औषध तेच असल्यामुळे मी तरी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

पाण्याची गोळी

पाय सुजले म्हणजे पाणी साचलं, मग पाणी काढा, हे डोक्याला लगेच पटतं. पण वर सांगितलं तसं शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं, त्यामुळे अ‍ॅम्लोची सूज याने फारशी हलत नाही. आमच्या सासूबाईंना एका ठिकाणी नीट विचारपूस न करता लघवीची गोळी लिहून दिली होती, पाय जसेच्या तसे, वर रात्री बाथरूमला जाण्यासाठी उठताना चक्कर, आणि सोडियम तपासलं तर घसरलेलं. एका गोळीचा साइड इफेक्ट झाकायला दुसरी, मग दुसरीचा झाकायला तिसरी, ही साखळी अशीच सुरू होते.

पण हे नीट वेगळं करून समजून घ्या हां: सूज उतरवायला नको म्हटलंय, बीपी उतरवायला नाही. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरथायझाइड या पाण्याच्याच गोळ्या, पण बीपीसाठी पक्क्या आहेत, त्याच ऑलहॅटमध्ये क्लोरथॅलिडोन अ‍ॅम्लोच्या तोडीस तोड ठरली होती. म्हणजे अ‍ॅम्लो पूर्ण काढून टेल्मा एच (टेल्मा अधिक हायड्रोक्लोरथायझाइड) सारखं काही घेणं हा रास्त पर्याय आहे. त्रास वेगळे: सोडियम आणि पोटॅशियम खाली जाणं (वयस्कर बायकांमध्ये सोडियम जास्तच), युरिक अ‍ॅसिड वाढणं, ज्यांना गाऊटचा अंगठा दुखतो त्यांना तर नकोच, आणि साखर किंचित वर. घ्यायची सकाळी, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या वाचतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात किंवा वारीत चालताना, घाम धो-धो आणि वर ही गोळी, तर उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का लक्ष ठेवा, उन्हाळ्यात डोस बदलावा लागतो का हे आधीच विचारून ठेवा.

रामिप्रिल आणि बीटा ब्लॉकर, थोडक्यात

टेल्माऐवजी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल दिली तर सुजेला तीही मदत करते, पण कोरडा खोकला. घशात सतत खवखव, कफ नाही, सिरपच्या बाटल्या संपतात आणि खोकला तिथेच. २००८ च्या ऑनटार्गेट ट्रायलमध्ये दोघींना समोरासमोर ठेवलं होतं, हृदयाचा बचाव जवळपास सारखाच, खोकल्यामुळे गोळी सोडणारे रामिप्रिलमध्ये ४.२ टक्के आणि टेल्मिसार्टनमध्ये १.१. त्यामुळे नव्याने निवडायचंच असेल तर टेल्मा. रामिप्रिल आधीपासून सुरळीत चालू असेल तर उगाच छेडू नका. फक्त ओठ, जीभ, चेहरा अचानक सुजला तर ती पायाची सूज नव्हे, सरळ हॉस्पिटल.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या नुसत्या बीपीला आता सहसा पहिल्या पसंतीच्या नाहीत, अटॅक येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील तर वेगळं. थकवा, हातपाय गार, दम्यात त्रास, आणि डायबेटिसवाल्यांना शुगर खाली गेल्याची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. चालू असेल तर एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची.

काहीच न बदलता चालवायचं असेल तर

सूज हलकी असेल, सकाळपर्यंत उतरत असेल, तर हाही पर्यायच आहे, कमीपणा काही नाही. संध्याकाळी पाय छातीच्या पातळीला उचलून अर्धा तास पडायचं, बसून काम असेल तर मधे मधे चालायचं, पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे (पायात रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी विचारून). लोणचं-पापड-फरसाण कमी केल्याने बीपीला फायदा होईल, सुजेला फार नाही. गोळी सकाळऐवजी रात्री घेऊन जादू होत नाही, अ‍ॅम्लोचा अर्धा भाग अंगातून जायलाच ३० ते ५० तास लागतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एकवीस हजार लोकांच्या टाइम ट्रायलमध्येही बीपीच्या गोळ्या सकाळी घ्या की रात्री, अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक दिसला नाही, तेव्हा जी वेळ विसरत नाही ती वेळ.

डॉक्टरकडे जाताना आठवडाभराचं घरचं बीपी लिहून न्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग, पाच मिनिटं बसून, बोलत न राहता. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर डोस कमी करायला जागा आहे हे डॉक्टरांनाही दिसतं. पायाचा फोटो संध्याकाळचा काढा, सकाळच्या ओपीडीत पाय शहाण्यासारखे दिसतात. आणि सरळ विचारा, "डॉक्टर, ५ वर आणून टेल्मा जोडली तर चालेल का, की सिलनी बरी?" चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

बदलल्यावर धीर धरा. अ‍ॅम्लो अंगातून निघून पाय उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि टेल्माचा पूर्ण जोर यायला महिनाभर. चौथ्या दिवशी बीपी मोजून "ही गोळी लागू नाही" असा निकाल लावू नका.

नवी पट्टी आणली की नावापुढची अक्षरं नीट वाचा, एएम म्हणजे आत अ‍ॅम्लो आहेच, एच म्हणजे हायड्रोक्लोरथायझाइड. टेल्मा एएम आली आणि डब्यातली जुनी अ‍ॅम्लो १० तशीच चालू राहिली तर माणूस रोज १५ घेत बसतो आणि पाय का उतरत नाहीत म्हणून परत डॉक्टरकडे, तेव्हा जुनी पट्टी त्याच दिवशी डब्यातून काढून टाका.