डेबियन १३ 'ट्रिक्सी' : सावकाश आलेले अपग्रेड

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक-प्रणालीची तेरावी आवृत्ती, 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. बारावी १० जून २०२३ ला आली होती, म्हणजे मधे दोन वर्षे आणि दोन महिने गेले. मी रोजच्या कामाचा लॅपटॉप लगेच अपग्रेड केला नाही. ६ सप्टेंबरला १३.१ ही पहिली दुरुस्त आवृत्ती आली, तेव्हा केला. प्रणाली कशी आहे हे तर सांगायचेच आहे, पण इतके थांबणे सार्थकी लागले का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या दोन वर्षांतले शेवटचे पाच महिने नवे काही घडवण्यात जात नाहीत. त्या काळाला डेबियनमध्ये 'फ्रीझ' म्हणतात. ट्रिक्सीचा फ्रीझ १५ मार्चला सुरू झाला आणि १५ एप्रिल, १५ मे व २७ जुलै अशा टप्प्यांनी घट्ट होत गेला. आधी मोठ्या घटकांची अदलाबदल बंद होते, मग नवी पॅकेजे (प्रणालीसोबत मिळणारे प्रोग्राम) घेणे थांबते आणि अखेरीस नेमक्या दुरुस्तीखेरीज काहीही आत येऊ दिले जात नाही. गंभीर बग वेळेत न सुटलेली अनेक पॅकेजे आवृत्तीतून चक्क वगळली जातात. हा काळ बाहेरून नुसता विलंब दिसतो, पण खरे काम याच महिन्यांत होते.

अपग्रेड करताना ते हाताला जाणवते. डेबियनच्या सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे मी आधी बॅकअप घेतला, बूट विभागात पुरेशी जागा आहे याची खात्री केली आणि अपग्रेड दोन टप्प्यांत चालवले. मधेच ते एका ठिकाणी थांबले : दूरस्थ लॉगिनच्या सेटिंगची फाइल मी पूर्वी स्वतः बदललेली होती, तेव्हा माझी ठेवायची की नवी घ्यायची, असे त्याने विचारले. 'डी' दाबल्यावर दोन्ही फायलींतला फरक ओळीओळीने समोर आला. मी दोन ओळींचा बदल केला होता, हे मी स्वतः विसरलो होतो. प्रणालीने मात्र त्याची आठवण ठेवली आणि मला विचारल्याशिवाय त्याला हात लावला नाही. वापरणाऱ्याच्या कामाचा इतका मान राखणारे अपग्रेड मी फार थोडी पाहिली आहेत.

एका बदलाशी मात्र जुळवून घ्यावे लागले. तात्पुरत्या फायलींचा 'टीएमपी' फोल्डर आता डिस्कवर नसून मेमरीत असतो आणि निम्म्यापर्यंत मेमरी वापरू शकतो. कागद स्कॅन करून त्यांची एकच पीडीएफ बनवणारी माझी एक स्क्रिप्ट तिथे मोठमोठ्या प्रतिमा साठवत असे. आठ जीबी मेमरीच्या या लॅपटॉपवर दीडशे पानांच्या दस्तऐवजाला ती जागा पुरली नाही. सूचनापत्रात हा बदल स्पष्ट लिहिलेला आहे. स्क्रिप्टमधला मार्ग बदलताच काम सुरळीत झाले.

त्यानंतर सांगण्यासारखे फारसे घडलेले नाही आणि हीच या प्रणालीची थोरवी आहे. कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१२ आणि ग्नोम (पडद्यावरचा डेस्कटॉप) ४८ पहिल्या दिवसापासून शांतपणे चालत आहेत. बॅटरी पूर्ण न भरता ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची नवी सोय सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपसाठी फार उपयोगी आहे. अपडेट येतात ते सुरक्षिततेचे आणि गंभीर चुका सुधारणारे, त्यामुळे सकाळी यंत्र उघडल्यावर एखादे बटण जागेवर नाही, असे होत नाही.

घाईची किंमत काय असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ मधील अपडेट. काही जणांचे दस्तऐवज पुसले गेल्यामुळे ते अवघ्या काही दिवसांत थांबवावे लागले आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा द्यावे लागले. चाचणी करणाऱ्या काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, ही त्यातली मनाला लागणारी गोष्ट. म्हणजे चूक सापडली होती. ती हेरून प्रकाशन रोखणारी व्यवस्था मात्र अपुरी पडली.

पण थांबण्यालाही मर्यादा हवी. जुलै २००२ नंतर डेबियनची पुढची स्थिर आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली. त्या तीन वर्षांत लोक कंटाळले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर, दर सहा महिन्यांनी येण्याचे वचन देत, उबुंटू ही नवी प्रणाली उभी राहिली. मात्र त्याच उबुंटूने २००६ मध्ये आपली पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती नीट व्हावी म्हणून एप्रिलऐवजी जूनमध्ये आणली. आजही जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर असलेल्यांना ती नव्या आवृत्तीचे अपग्रेड पहिली दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत सुचवत नाही. डेबियनने फ्रीझच्या तारखा आधी जाहीर करायला सुरुवात केली, उबुंटू थांबायला शिकली. दोघी एकमेकींच्या जवळ आल्या.

शिवाय, थांबले की सगळे दोष निघून जातात असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ च्या वेळी कर्नलमध्ये फाइलींतील माहिती बिघडवणारा दोष निघाला. १२.३ च्या डिस्क-प्रती रोखण्यात आल्या आणि १० डिसेंबरला दुरुस्तीसह थेट १२.४ देण्यात आली. याच्या उलट, मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फायली दाबून लहान करणाऱ्या घटकात लपवलेला चोरदरवाजा डेबियनच्या अस्थिर शाखेत (जिथे नवे बदल आधी येतात) पोहोचला होता, पण स्थिर शाखेत, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत, नाही. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने चिकाटीने माग काढला, तेव्हा तो उघडकीस आला. ते अस्थिर शाखा वापरत होते म्हणूनच आम्ही स्थिर शाखेवाले वाचलो. लवकर दिलेली आवृत्ती जाणूनबुजून वापरणारे लोक नसतील, तर उशिरा येणाऱ्या आवृत्तीला घासूनपुसून घेणार कोण?

त्यामुळे काम अडून चालणार नाही अशा यंत्रावर ट्रिक्सी निःशंक टाकावी, असे माझे मत आहे. अगदी नवे यंत्र असेल, तर त्याचे सुटे भाग ६.१२ कर्नल ओळखतो का, हे आधी पाहावे. नाही तर बॅकपोर्टमधून (स्थिर आवृत्तीसाठी जुळवलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा कर्नल घ्यावा लागेल. जुन्या ३२-बिट संगणकांसाठी या आवृत्तीत इन्स्टॉलरच नाही. त्यांनी बाराव्या आवृत्तीवरच राहावे, तिला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे. ट्रिक्सीला पूर्ण आधार ऑगस्ट २०२८ पर्यंत मिळेल. माझ्या जुन्या, मोकळ्या पडलेल्या लॅपटॉपवर मी आता चाचणी शाखा बसवली आहे. पुढची आवृत्ती 'फोर्की' तिथे घडते आहे आणि पहिला बग गेल्या आठवड्यात मी नोंदवला.