चीनमधल्या श्यामेन शहरातून फुजियान प्रांतातले मातीचे किल्ले बघायची डे टूर : जागा भारी, टूर ठीकठाक

गाओबेई गावातलं चेंगचिलौ बघायचं म्हणून ही टूर घेतली आणि जागेला पैकीच्या पैकी मार्क, काही प्रश्नच नाही. १७०९ सालचं, म्हणजे छिंग घराण्याच्या कांगशी बादशहाच्या काळातलं, हाक्का लोकांचं (दक्षिण चीनमधला एक समाज) किल्ल्यासारखं गोल घर. घर कसलं, अख्खं गावच आहे ते, चार मजली गोल भिंत, तिच्या आत अजून एक गोल, मग अजून एक, आणि मधोमध पूर्वजांचं देवघर. भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, आत बांबूच्या पट्ट्या, खालच्या दोन मजल्यांना बाहेरून खिडकीच नाही कारण चोर-दरोडेखोरांची भीती. मला सगळ्यात आवडली ती वाटणी. प्रत्येक कुटुंबाला तळापासून वरपर्यंत उभा भाग, खाली स्वयंपाकघर, त्यावर धान्याची खोली, वर झोपायच्या खोल्या. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या होताना जी भांडणं होतात ना, ती आठवून हसूच आलं.

आता टूरचं. गाईड बाई गोड होत्या पण बोलल्या फक्त चिनी, त्यामुळे मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर भागवलं. वरच्या मजल्यावर सोडलं नाही आणि हे बुकिंग करताना सांगितलंच नव्हतं, शिवाय चहाच्या दुकानात इतका वेळ घालवला की शेजारचं असंच पण चौकोनी घर, वुयुनलौ, धावतपळत बघावं लागलं. जाऊन-येऊन बसचेच सहाएक तास होतात, त्यामुळे जमत असेल तर टूर घेऊ नका, तिथेच गावात मुक्काम करा.