मरळीच्या गळाला रबरी बेडूक: एका पावसाळ्यातील अनुभव

पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचा रबरी बेडूक हे मुळात उत्तर अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशासाठी घडवलेले आमिष आहे. बास आपल्या नद्या-तळ्यांत नाही, तरीही बेळगावच्या दुकानांत हे बेडूक टांगलेले दिसतात ते केवळ मरळीच्या जोरावर. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी तीन प्रकारचे बेडूक विकत घेतले आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत खानापूर तालुक्यातील मामांच्या शेताजवळचे तळे, मार्कंडेय नदीचे डोह आणि हिडकल जलाशयाच्या फुगवट्याची उथळ टोके अशा ठिकाणी ते चालवून पाहिले. तिन्ही माल वेगवेगळ्या कारखान्यांचा असून त्यांत खोडीही बऱ्याच निघाल्या, म्हणून नावे न देता प्रकारांविषयीच लिहितो.

पहिला टोकदार नाकाचा, पोकळ अंगाचा. दुसराही पोकळच, पण त्याचे तोंड वाटीसारखे खोलगट. तिसरा भरीव रबराचा, मागच्या पायांना वल्ह्यासारखे पंजे असलेला, ज्यात गळ आपणच ओवायचा असतो. पोकळ बेडकाची खरी करामत त्याच्या जोडगळात आहे. गळाची दोन्ही टोके वरच्या बाजूला पाठीला चिकटून बसतात, त्यामुळे बेडूक जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून किंवा लव्हाळ्यातून ओढला तरी अडकत नाही. माशाने जबडा मिटला की मऊ अंग दबते आणि टोके उघडी पडतात. वजन शेपटीकडे असल्याने फेकताना तो सरळ जातो आणि पाण्यावर नाक किंचित वर करून बसतो. आमच्या भागात जुनी माणसे मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक ओवत आली आहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही. बेडकाचा जीव वाचला, एवढाच फरक.

पाकिटावर छापलेली ओढण्याची रीत मात्र बासला धरून लिहिलेली असते, आणि तिथेच आपल्याकडचा माणूस फसतो. दोन्ही मासे वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारे असले, तरी बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, तर मरळ पानांच्या थरातून मुसंडी मारून दातांनी पकडते आणि पुष्कळदा पहिल्या झडपेत फक्त पाय धरते. शिवाय मरळीला हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर यावेच लागते. त्यामुळे बुडबुडा किंवा पाण्यावरचा वळसा दिसला की ती कुठे आहे हे कळते, आणि बेडूक नेमका त्या जागेच्या चार-पाच हात पलीकडे टाकून वळशावरून आणता येतो. अंदाधुंद फेकण्यापेक्षा दहा मिनिटे काठावर गप्प उभे राहण्याने मला जास्त मासे मिळाले.

टोकदार नाकाच्या बेडकाला डावी-उजवीकडे वळवत आणणे ही सर्वांत प्रसिद्ध रीत. रॉडचे टोक पाण्याकडे झुकवून मनगटाने आखूड झटका द्यायचा आणि लगेच दोरी सैल सोडायची. पुढच्या झटक्याला बेडूक दुसऱ्या बाजूला तोंड फिरवतो. नवशिक्याचे चुकते ते सैल सोडण्यात. दोरी ताणलेली राहिली की बेडूक नुसता सरळ ओढला जातो. माझ्या बेडकाचे सिलिकॉनचे पाय कारखान्यातून फारच लांब आले होते. बोटभर कापल्यावर तो कुठे नीट वळू लागला, आणि मरळीने फक्त पाय धरून सोडून देण्याचे प्रकारही कमी झाले. पण ही नागमोडी चाल मोकळ्या पाण्यापुरती आहे. जलपर्णीच्या दाट थरावर तिचा काही उपयोग नाही. तिथे बेडूक सावकाश ओढत न्यावा, आणि पानांमध्ये जिथे पाण्याचे भोक दिसेल तिथे तो थांबवून चार-पाच सेकंद जागच्या जागी नुसता थरथरवावा. मला मिळालेल्या मरळींपैकी बहुतेक या थांब्यावरच लागल्या. हलत्या बेडकावर झडप घालून चुकणारी मरळ थांबलेल्या बेडकावर क्वचितच चुकते, हे मी इतक्यांदा पाहिले की आता मोकळ्या पाण्यातही तीन झटक्यांनंतर थांबतोच.

खोलगट तोंडाचा बेडूक झटक्यासरशी ‘डुबुक’ असा आवाज करतो. वाऱ्याने पाण्यावर लहरी उठलेल्या असताना किंवा पाणी गढूळ असताना तो उपयोगी पडला. निवांत, स्वच्छ पाण्यात मात्र त्याच आवाजाने मासा खाली दबलेला मी दोनदा पाहिला. वनस्पतींवरून ओढताना त्याच्या तोंडात शेवाळ साठते, हा आणखी एक त्रास.

भरीव बेडकाची रीत सर्वांत सोपी आहे: रॉड वर धरून रीळ एकसारखे फिरवत राहायचे, म्हणजे पंजे पाणी फडफडवतात. थांबलात की तो बुडतो. हिडकलच्या फुगवट्यासारख्या रुंद, उथळ जागी मासा कुठे आहे हे हुडकायला तो बरा. तळ्यासाठी मी तो पुन्हा घेणार नाही.

आता झडपेनंतरच्या हिसक्याविषयी, कारण माझे सर्वांत जास्त नुकसान तिथे झाले. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी उसळले रे उसळले की मी जोराने हिसका देत असे, आणि रिकामा बेडूक अंगावर येत असे. एकदा तर तो मागच्या शेवरीच्या झाडात जाऊन बसला. बांधावर बसून हे पाहणारे मामा शेवटी म्हणाले, “घाई कशाला करतोस रे? तोंडात धरून ती आधी खाली जातीया, मग वढ की.” जिवंत बेडकावर मरळ धरणाऱ्या माणसाचे हे ज्ञान रबरी बेडकालाही जसेच्या तसे लागू पडले. झडप झाली की रॉड खाली करावा, सैल दोरी गुंडाळून घ्यावी, माशाचे वजन हाताला लागेपर्यंत मनात दोन आकडे मोजावेत आणि मगच हिसका द्यावा. वजन लागलेच नाही, तर बेडूक तिथेच ठेवून हलवत राहावे. मरळ पुष्कळदा पुन्हा येते.

या आमिषाला साधी काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, चालत नाही, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. तंगूस ताणला जातो, त्यामुळे लांबवरच्या हिसक्याची ताकद गळापर्यंत पोहोचत नाही आणि लागलेला मासा पानांच्या थरात शिरला की बाहेर येत नाही. 40 ते 50 पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी आणि सुमारे 7 फुटांचा कडक रॉड हवाच. बेडूक स्वस्त, पण त्यामागचा सरंजाम महाग.

टिकाऊपणात तिन्ही बेडूक निराश करतात. मरळीच्या दातांनी पोकळ अंगाला भोके पडतात, आत पाणी शिरते आणि बेडूक जड होऊन बुडू लागतो; मग दर दहा-पंधरा फेकींनंतर तो पिळून काढावा लागतो. रबराच्या डिंकाने भोके बुजवली तरी ते चार दिवसांचे काम. पहिल्या बेडकाचे नाक चौथ्या माशानंतर फाटले. जोडगळांची टोके पक्कडीने किंचित बाहेर वाकवल्यावर मासे जास्त लागले, पण जरा जास्त वाकवली की तीच टोके पानांत अडकू लागतात. रंगांच्या विविधतेवर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे. माशाला खालून दिसते ते बेडकाचे पोट. पाठीवरचे सुंदर ठिपके गिऱ्हाइकासाठी असतात.

पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्ले थव्याने पृष्ठभागावर बुडबुडताना दिसतात आणि आई-बाप त्यांच्याखाली राखण करत असतात. अशा थव्यावरून बेडूक नेला तर भुकेने नव्हे, रागाने हमखास झडप येते. मी तो थवा सोडून पुढे जातो, कारण पालक गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. तळ्याचा ठेका ज्याच्याकडे असेल त्याला विचारूनच गळ टाकावा, हेही ओघाने आले.

दुकानात निवड करायची वेळ आली तर टोकदार नाकाचा पोकळ बेडूकच घ्यावा, आणि एकाऐवजी दोन घ्यावेत. घेण्यापूर्वी पाकीट उघडून बेडूक अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहावा: हलक्या दाबाने गळाची दोन्ही टोके पाठीवर उघडी पडली तर तो घ्यावा, रबर कडक लागले तर दुकानदार कितीही सूट देऊ दे, परत टांगून ठेवावा.