ई-ऑफिस : आठ महिने वापरल्यावर

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक बारनिशी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची नोंद, सांभाळते, बावीस वर्षं झाली. एनआयसीने (केंद्र सरकारच्या संगणक-माहिती संस्थेने) बनवलेलं ई-ऑफिस, म्हणजे नस्त्या (फायली) संगणकावर हाताळायची प्रणाली, आमच्याकडे आलं तेव्हा प्रशिक्षण झालं ते एका दुपारी, सभागृहात, दोन तास. दुसऱ्या दिवशी लॉगिन कुठून करायचं हेही कुणाला आठवेना. मग चार महिने तीच नस्ती कागदावरही आणि संगणकावरही! अशी दुप्पट मेहनत करायला लावली की माणूस नव्या गोष्टीचा रागच करायला लागतो.

प्रणाली मात्र खरंच चांगली आहे. टिपणी आधी पिवळ्या पानावर लिहायची. ती कच्ची, बदलता येते. हिरव्या पानावर घेऊन पुढे पाठवली की त्यात काना-मात्राही बदलत नाही. नस्ती कुणाकडे किती दिवस पडून आहे, तेही दिसतं. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात आमदारांच्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नाचं उत्तर तयार करताना पूर्वी आम्ही कपाटं उपसायचो. यंदा जुना पत्रव्यवहार बसल्या जागी सापडला.

गाडी रुळावर आली ती साहेबांनी कागदी नस्ती घेणं बंद केलं तेव्हा. आणि एका नवीन लिपिक मुलीमुळे. रोज तासभर शेजारी बसायची. "काकू, माउस तुम्ही धरा, मी फक्त सांगते." निवृत्तीला आलेले आमचे अव्वल कारकून डिजिटल सही तिच्याकडूनच शिकले.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो अख्ख्या शाखेला एकच स्कॅनर दिल्याबद्दल. अकरा वाजले की तिथे रांग लागते.