रिअ‍ॅक्ट राउटर: उद्यमनगरातील एका कामानंतरचे मत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीसाठी ऑर्डर, पॅटर्न आणि डिस्पॅच यांच्या नोंदी ठेवणारे सिंगल पेज ॲप्लिकेशन (एकदाच लोड होऊन ब्राउझरमध्येच पाने बदलणारे ॲप) आम्ही तयार केले आणि त्याच्या राउटिंगसाठी, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणते पान दाखवायचे हे ठरवण्यासाठी, रिअ‍ॅक्ट राउटर ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरली. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत अनुकूल आहे. मात्र त्यातला साध्या पत्त्यांचा ब्राउझर राउटर घ्यायचा की पत्त्यात # (हॅश) चिन्ह घालणारा हॅश राउटर, हे आपला सर्व्हर पाहूनच ठरवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही ब्राउझर राउटर घेतला, कारण त्याचे पत्ते स्वच्छ असतात. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनी एका ऑर्डरची लिंक मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवली आणि त्यांच्या फोनवर ‘४०४’ (पान सापडले नाही) उमटले. ॲपमध्ये फिरताना पत्ता ब्राउझरच्या हिस्टरी एपीआयमार्फत (पाहिलेल्या पानांची नोंद हाताळणाऱ्या सोयीमार्फत) बदलतो, त्याची सर्व्हरला खबरही नसते. पण तीच लिंक थेट उघडली किंवा पान रिफ्रेश केले की मागणी सर्व्हरकडे जाते आणि तिथे त्या पत्त्यावर काहीच नसते. न सापडणाऱ्या प्रत्येक पत्त्याला मुख्य एचटीएमएल फाइल द्यावी, अशी एक ओळ एन्जिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये घातल्यावर ही अडचण मिटली. ही ओळ सरसकट लावणे मात्र चुकीचे ठरले. नवी आवृत्ती चढवल्यावर ज्यांच्या फोनवर जुने पान उघडे होते, त्यांना काढून टाकलेल्या जावास्क्रिप्ट फाइलऐवजी एचटीएमएल मिळू लागले आणि पडदा पांढरा राहिला. म्हणून स्क्रिप्टचे फोल्डर त्या नियमातून वगळावे.

हॅश राउटरला यातले काहीच लागत नाही, कारण हॅशनंतरचा भाग सर्व्हरपर्यंत जातच नाही. मार्केट यार्डातील एका गूळ व्यापाऱ्याच्या कामात होस्टिंगच्या सेटिंगला हात लावण्याची सोय नव्हती. तिथे आम्ही तोच वापरला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. गुगलवर पाने दिसायला हवी असतील, तर मात्र तो टाळावा.

मला सर्वात उपयोगी वाटली ती यूज-सर्च-पॅराम्स ही पत्त्यातील ‘?’ नंतरची माहिती वाचण्याची व बदलण्याची सोय. प्रलंबित ऑर्डरींचा फिल्टर आणि पान क्रमांक पत्त्यातच राहिल्यामुळे एखादी ऑर्डर पाहून मागे आले तरी यादी जागेवर असते. शोधचौकटीत प्रत्येक अक्षरागणिक हिस्टरीत नवी नोंद पडू नये, यासाठी ‘रिप्लेस’ हा पर्याय द्यावाच लागतो. अन्यथा ‘पंप हाउसिंग’ शोधणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी अक्षरांइतक्या वेळा बॅक दाबावे लागते.

आवृत्त्यांचा त्रास खरा आहे. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत ‘स्विच’च्या जागी ‘राउट्स’ आणि ‘यूज-हिस्टरी’च्या जागी ‘यूज-नेव्हिगेट’ आले, त्यामुळे इंटरनेटवरील जुनी उदाहरणे तशीच्या तशी चालत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत रीमिक्स या वेब फ्रेमवर्कच्या सोयी सामावल्या असून वापराचे तीन प्रकार आहेत. नवख्याने कागदपत्रे वाचताना आपण कोणत्या प्रकाराचे पान वाचत आहोत, हे आधी तपासावे. छोट्या कामाला त्यांतला सर्वात साधा, डिक्लरेटिव्ह प्रकार पुरतो.

लॉगिननंतर माणसाला मूळ लिंकवर परत नेण्याचे काम ही लायब्ररी आपणहून करत नाही. मागितलेला पत्ता जपून ठेवून लॉगिन होताच तिकडे पाठवण्याचा कोड आम्ही लिहिला. आता मालक व्हॉट्सॲपवरील लिंक दाबतात, पासवर्ड घालतात आणि थेट त्याच ऑर्डरवर पोहोचतात.