ऑस्मो पॉकेट ३ काही महिने वापरल्यावर: फोन उन्हात नाही, ट्यूबलाइटखाली हरतो

डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हा खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. एक इंची सेन्सर, तीन अक्षांचा गिंबल (मोटरने लेन्स स्थिर धरणारा सांधा), दोन इंची फिरणारा पडदा हे आता सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. प्रश्न एवढाच की खिशात चांगला फोन असताना आणखी एका फोनच्या किमतीची ही वस्तू का घ्यायची. भर उन्हात काढलेले नमुने बघून उत्तर मिळणार नाही, तिथे फोनही उत्तम चालतो. आपले बहुतेक व्हिडिओ होतात घरात, शाळेच्या सभागृहात, देवळाच्या सभामंडपात, लग्नाच्या हॉलमध्ये. डोक्यावर ट्यूब नाहीतर एलईडी, आणि वीज ५० हर्ट्झची. माझ्या मते या कॅमेऱ्याचे पैसे याच एका जागी वसूल होतात, म्हणून त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची एक पूर्ण लाट येते, १/५० असेल तर दोन. दोन्ही वेळा उजेड सारखा पडतो. शटर १/६० किंवा १/१२५ झालं की लाट अर्धवट कापली जाते, आणि सेन्सर एकेक ओळ वाचत जातो त्यामुळे चित्रावर फिकट-गडद पट्टे सरकू लागतात. फोनचा मूळ कॅमेरा सहसा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर चालतो आणि शटर स्वतःच ठरवतो. संध्याकाळी कमी उजेडात तो बहुधा १/५० वर उतरतो आणि सगळं ठीक दिसतं. खिडकीजवळ गेलात किंवा हॉलमध्ये लख्ख दिवे असले की शटर वर पळतं आणि पट्टे सुरू.

यावर फोनमध्येही फुकटचा उपाय आहे, तो आधी सांगायला हवा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप आयफोनवर २०२३ पासून आणि अँड्रॉइडच्या निवडक फोनवर २०२४ पासून मोफत मिळतं. त्यात शटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळणी) सगळं हाताने बांधता येतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्यायही आहे, तो चालू केला की २५ फ्रेम मिळतात. कॅमेरा एका जागी ट्रायपॉडवर ठेवूनच काम असेल, उदाहरणार्थ शिकवणीचे व्हिडिओ किंवा बसून केलेली मुलाखत, तर एवढ्यावर भागतं. असं काम असणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पैसे वाचले.

खरी गोम चालताना कळते. फोनचं स्थिरीकरण मुख्यतः सॉफ्टवेअरवर चालतं: फ्रेम थोडी कापायची आणि उरलेली मागे-पुढे सरकवून चित्र जागेवर ठेवायचं. पण शटर १/५० सेकंद उघडं असताना हात हलला तर ती फ्रेम मुळातच पुसट होते. लेन्सच्या आतलं स्थिरीकरण थोडी मदत करतं, पण पाऊल टाकताना बसणाऱ्या झटक्याला ते पुरत नाही. सॉफ्टवेअर पुसट फ्रेम नेमकी जागेवर आणून ठेवतं, पण पुसटपणा काढू शकत नाही. म्हणून रात्रीच्या फोन व्हिडिओत चित्र स्थिर असूनही मध्येच थरथरल्यासारखं, ओलसर दिसतं. शटर वाढवलं तर थरथर जाते, पण पट्टे येतात आणि आयएसओ चढून दाणे पडतात. फोन या पेचातून स्वतःच्या बळावर सुटत नाही. गिंबल सुटतो, कारण तो शटर उघडं असताना लेन्सच हलू देत नाही.

हे तपासायला सोपं आहे. मंडपातून चालत जाताना फोन आणि पॉकेट दोन्हींनी १/५० वर दहा-दहा सेकंद घ्या आणि संगणकावर एकेक फ्रेम थांबवून बघा. मागच्या फलकावरची अक्षरं फोनमध्ये पाऊल पडलेल्या फ्रेमला दुहेरी होतात, मंडळाचं नावसुद्धा लागत नाही. पॉकेटमध्ये खाली देणगीदारांची बारीक नावं असतात तीही वाचता येतात. गाणाऱ्याचे हात, टाळ मात्र दोन्हींत सारखेच पुसट येतील. वस्तू स्वतः हलत असेल तर गिंबलचा उपयोग नाही.

फोनसाठी वेगळा गिंबल घ्यावा, स्वस्तात पडतो, असं म्हणणाऱ्यांचं गणित चूक नाही. पण फोन आणि गिंबल मिळून अर्धा किलोच्या आसपास जातं, आणि फोन अडकवा, मध्यावर आणा, अॅप उघडा यात पहिली आरती संपते. पॉकेट १७९ ग्रॅमचा आहे, पडदा आडवा फिरवला की चालू होतो. शिवाय फोन मोकळा राहतो. ज्याच्या फोनवर मंडपवाल्याचे, केटरिंगवाल्याचे फोन येणार आहेत आणि यूपीआयने पैसे द्यायचे आहेत, त्याच्या फोनवर तासाभराचं रेकॉर्डिंग होऊच शकत नाही.

आता सेटिंग. अँटीफ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा, ऑटोवर नको. फ्रेम २५. प्रो मोड चालू करून शटर १/५०, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूब साधारण ६५०० केल्विनच्या असतात, त्यात एखादा पिवळा बल्ब आला की कॅमेरा फिरवताना भिंतीचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. चालताना गिंबल टिल्ट लॉक्डवर (म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकत नाही), फिरण्याचा वेग स्लो. आणि चालताना गुडघे जरा वाकलेले ठेवा, कारण तीन अक्षांचा गिंबल झुकणं-वळणं थांबवतो, वर-खाली होणारी उसळी नाही. ती पायांनीच जिरवावी लागते.

१/५० ने सगळंच सुटतं असंही नाही. मंडप जनरेटरवर असेल आणि जनरेटर भार पडल्यावर ४८-४९ हर्ट्झवर उतरला, तर उजेड हळूहळू श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त दिसतो. तिथे शटर १/२५ करूनही हा फरक जात नाही.  स्टेजमागची एलईडी भिंत आणि स्वस्त माळा यांची लुकलुक विजेच्या वारंवारतेशी बांधलेली नसते, त्यांच्या आतल्या ड्रायव्हर सर्किटशी असते. तिथे १/५०, १/१००, १/२५ आळीपाळीने लावून ज्यात पट्टे सगळ्यात कमी तो ठेवायचा, दुसरा मार्ग नाही. ४के १२० फ्रेमचा स्लो मोशन ट्यूबखाली वापरूच नका. १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही, म्हणजे लाट कापली जाणारच. तो उन्हासाठी आहे.

उन्हात उलटी अडचण. लेन्सचं छिद्र एफ/२.० वर कायम उघडं, ते लहान करता येत नाही. भर उन्हात आयएसओ ५० वर योग्य शटर १/३२०० च्या आसपास निघतं. ते १/५० वर आणायचं तर ६४ पट उजेड कापावा लागतो, म्हणजे एनडी ६४ (लेन्सवर लावायची उजेड कापणारी गडद काच). कंपनीच्या चुंबकी संचात १६, ६४ आणि २५६ अशा तीन काचा आहेत. ढगाळ दिवसाला १६ पुरते. २५६ ची गरज क्वचितच पडते, एरवी ती पेटीतच राहते. काच कॅमेरा बंद असताना लावायची, म्हणजे चालू होताना गिंबल नव्या वजनासकट स्वतःला सावरून घेतो. सुरुवातीला हा संच मला चैन वाटत होता. आता मत असं आहे की बाहेर चालत-फिरत चित्रण करणाऱ्याला तो हवाच, नाहीतर रस्त्यावरच्या गाड्या, पाय, पानं सगळं तुटक-तुटक दिसतं. ज्याचं काम घरात आणि हॉलमध्येच आहे त्याने एक रुपयाही घालू नये.

मत आणखी एका बाबतीत बदललं, ते अॅक्टिव्हट्रॅकबद्दल. पडद्यावर माणसावर दोनदा टिचकी मारली की कॅमेरा त्याच्यामागे वळत राहतो. आधी हे जाहिरातीपुरतं वाटतं. पण स्टॅंडवर लावून एकट्याने स्वयंपाकाचे किंवा कामाचे व्हिडिओ करणाऱ्याला याने दुसरा माणूस लागत नाही. ओट्यापासून फ्रिजपर्यंत गेलं तरी चेहरा मधोमध. जवळचा फोकस २० सेंटिमीटरपर्यंत येतो, त्यामुळे परातीत भाकरी थापताना बोटांच्या कडेने पीठ कसं सरकतं, कड कुठे फाटते आणि अंगठ्याने कशी मिटवली जाते, हे स्वच्छ दिसतं. त्याहून जवळ नेलं की फोकस सुटतो.

फोन कुठे सरस आहे हेही मोकळेपणाने. पहिलं, झूम. पॉकेटला ऑप्टिकल झूम नाहीच, लेन्स २० मिमीच्या समतुल्य म्हणजे रुंद दृश्याची, आणि ४के मध्ये डिजिटल झूम दोन पटच. स्नेहसंमेलनात विसाव्या रांगेतून आपलं मूल टिपायचं असेल तर तीन किंवा पाच पट टेलीलेन्सचा फोन घ्या, किंवा जुना हॅंडीकॅम मिळवा. दुसरं, फोटो. जास्तीत जास्त ९.४ मेगापिक्सेल, फोनपुढे काहीच नाही. तिसरं, पाणी आणि धूळ, आणि इथे फार काळजी घ्यावी लागते.

आजचे बरेच फोन आयपी६८ आहेत, म्हणजे त्यांना पाणी आणि धुळीपासून संरक्षण आहे. पॉकेटला पाण्यापासून किंवा धुळीपासून कसलंही संरक्षण नाही, आणि गिंबलच्या सांध्यांत उघड्या फटी आहेत. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल आणि जेजुरीचा भंडारा या दोन्ही अशा बारीक पूड आहेत की त्या फटीत शिरल्या तर पुसून निघत नाहीत. मोटर कुरकुरायला लागते किंवा एका बाजूला झुकून राहते. पिशवीत गुंडाळून चालत नाही, गिंबलला फिरायला जागा लागते. उधळण असेल तिथे फोन काढा. कोकणातल्या पावसालाही तोच नियम. चुकून पूड बसलीच तर चालू करू नका, हातपंपाच्या फुग्याने फुंकर मारा. डब्यातली दाबाची हवा नको, ती पूड आणखी आत ढकलते. आणि आवरण चढवलेलं असताना कधीही चालू करू नका. गिंबल अडकलेला असताना मोटर जोर लावत राहतात.

तापण्याबाबत कंपनी ० ते ४० अंशांची मर्यादा सांगते. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतच ४० ओलांडतं, तेव्हा दुपारी सलग ४के ६० वर विसंबू नका. ४के २५ वर अंग कमी तापतं आणि फाइलही आटोपशीर राहते. आयफोनसाठी अॅपलची वापराची मर्यादा ३५ अंशच आहे, तेव्हा फोन इथे पुढे नाही.

सगळ्यात खटकणारी गोष्ट बॅटरी. १३०० एमएएच, आत बसवलेली, काढता येत नाही. जुन्या हॅंडीकॅमची बॅटरी दमली की नवी घालून तो आणखी काही वर्षं चालायचा, इथे तसं नाही. इतक्या किमतीच्या वस्तूचं आयुष्य बॅटरीच्या आयुष्याला बांधून ठेवणं मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. दावा १०८०पी २४ फ्रेमला १६६ मिनिटांचा आहे. पडदा चालू ठेवून ४के वर दीड तास धरूनच कार्यक्रमाचं नियोजन करा. ६५ वॅटच्या पीडी (यूएसबीवरून जलद चार्जिंगच्या) चार्जरने १६ मिनिटांत ८० टक्के होते, हे मात्र मध्यंतरात फार कामाला येतं. एका जागी असाल तर पॉवरबॅंक लावूनच चित्रण करा. साठवून ठेवताना अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी करून कपाटात टाकू नका.

क्रिएटर कॉम्बो या जोडसाहित्यासकट येणाऱ्या संचाचा जास्तीचा पैसा फक्त माइकसाठी द्यावा. डीजेआय माइक २ चा ट्रान्समीटर कॅमेऱ्याला थेट जोडला जातो, आणि त्याच्या स्वतःच्या ८ जीबी मेमरीत वेगळं रेकॉर्डिंगही करता येतं. पंख्याखाली बोलणाऱ्याचा आवाज कॅमेऱ्याच्या तीन माइकपेक्षा यात कितीतरी स्वच्छ येतो. बॅटरी हॅंडल कामाचं, ट्रायपॉड ठीक, वाइड लेन्स बिनकामाची.

अँड्रॉइडवाल्यांनी लक्षात ठेवायचं की कॅमेरा पहिल्यांदा सक्रिय करायला लागणारं डीजेआयचं मिमो अॅप प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावं लागतं. कॅमेऱ्यात स्वतःची मेमरी अजिबात नाही, कार्ड लागतंच, आणि व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी) लिहिलेलं लागतं. कमाल बिटरेट १३० एमबीपीएस, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ५८ जीबीच्या आसपास. १२८ जीबीचं कार्ड त्या दराने दोन तासांच्या थोडं पुढे जातं. बाजारात बनावट कार्डं इतकी आहेत की बिल मिळालं तरी तपासावं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम कार्ड शेवटपर्यंत भरून परत वाचतात. त्यात लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली दिसला किंवा शेवटी एकही चूक निघाली तर कार्ड त्याच दिवशी परत करा. पास झालं तर पहिलं फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही.