नॅकची ग्रेड चांगली, प्रॅक्टिकलची बोंब: तीन वर्षांच्या एलएलबीचा रिव्ह्यू

एलएलबी झाली, सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) पण निघाली, त्यामुळे आता मोकळेपणाने लिहितेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण कोर्टात भेटणारी दुसऱ्या कॉलेजची पोरंपोरी पण थोड्याफार फरकाने हेच सांगतात. ॲडमिशन घेताना आमच्या घरच्यांनी एकच गोष्ट बघितली, नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, ग्रेड. ग्रेड चांगली म्हणजे शिकवणं चांगलं, असंच सगळे धरून चालतात.

तर आमच्या वेळी ग्रेडचं असं होतं की कॉलेज स्वतःच सेल्फ स्टडी रिपोर्ट (स्वतःच्या कामाचा अहवाल) भरायचं, सात निकष असायचे, मग पीअर टीम (बाहेरच्या प्राध्यापकांची तपासणी टीम) येऊन बघून जायची आणि मिळालेली ग्रेड साधारण पाच वर्षं चालायची. आमच्याकडे टीम येणार म्हटल्यावर रंगरंगोटी झाली, मूट कोर्ट (सरावाच्या खोट्या खटल्यांच्या) हॉलचं कुलूप निघालं, आणि टीमशी कोणी बोलायचं ती मुलं आधीच ठरली. त्या काळात लेक्चर्स मात्र धड झाली नाहीत कारण सगळे सर-मॅडम फायली लावण्यात अडकलेले. फीडबॅक फॉर्म सुद्धा त्याच शिक्षकांसमोर बसून भरायचा, वर रोल नंबर टाकून. कोण खरं लिहिणार?

नियम वाईट आहेत असं अजिबात नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे नियम एकदा काढून वाचा, मनापासून सांगते, चांगले आहेत. चार क्लिनिकल (प्रत्यक्ष कामाचे) पेपर सक्तीचे आहेत: ड्राफ्टिंग (दावे-दस्तऐवज लिहिणं), प्रोफेशनल एथिक्स, एडीआर (कोर्टाबाहेर वाद मिटवणं) आणि मूट कोर्ट-इंटर्नशिप. त्यातल्या मूटच्या पेपरला तीन मूटचे 30 मार्क, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून बघायचे 30, पक्षकाराची मुलाखत, कागदपत्रांची तयारी आणि इंटर्नशिप डायरीचे 30, आणि व्हायवा 10. शिवाय तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे इंटर्नशिप. हे एवढं जरी प्रामाणिकपणे करून घेतलं ना, तरी पोरगं कोर्टात पहिल्या दिवशी बावचळणार नाही.

पण होतं काय, तर आधीच्या बॅचचं जर्नल (बघितलेल्या खटल्यांची नोंदवही) व्हॉट्सॲपवर फिरतं. पक्षकारांची नावं बदलायची, तारखा पुढे ढकलायच्या, झाली ‘कोर्ट व्हिजिट’. आमच्या वर्गात सरतपासणी आणि उलटतपासणीची सुंदर वर्णनं लिहिलेली जर्नलं होती आणि लिहिणाऱ्यांनी जिल्हा कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) सुद्धा कधी वाचला नव्हता. व्हायवाला परीक्षकांनी पानं चाळली, सही केली, पुढचा. रोजनामा (केसमध्ये त्या त्या तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) म्हणजे काय हा साधा प्रश्न जरी विचारला असता तरी निम्मा वर्ग अडकला असता. मला राग याचा येतो की जर्नल, सही, शिक्का सगळं रेकॉर्डला व्यवस्थित आहे, त्यामुळे तपासणीत हे कधी सापडणारच नाही.

आता चांगलं काय होतं तेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. ड्राफ्टिंगला एक मॅडम होत्या, स्वतः प्रॅक्टिस करणाऱ्या. त्यांनी वाटणीचा दावा प्रत्येकाकडून हाताने लिहून घेतला. माझ्या मैत्रिणीच्या दाव्यात गट नंबर होता पण चतुःसीमा (जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते) नव्हत्या, दाव्याचं कारण कधी घडलं ते नव्हतं, आणि दाव्याच्या मूल्यांकनाचा परिच्छेदच गायब. मॅडमनी तिघंचौघं बोलावून शेजारी बसवली, प्रत्येक ठिकाणी लाल खूण करून ‘हे नसेल तर समोरचा वकील काय हरकत घेईल’ ते सांगितलं आणि पुन्हा लिहायला लावलं. आज सीनियरकडे माझं जे काही चालतं ते त्या तासांवर चालतं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले तेव्हा पण एका सरांनी जुनी-नवी कलमं शेजारी शेजारी ठेवून शिकवली, खुनाच्या 302 चं 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318(4), कारण आधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या कलमांवरच चाललेत, दोन्ही यावंच लागतं. हे काम आमच्या ग्रेडमध्ये कुठे दिसलं? कुठेच नाही.

एआयबीईवर भरवसा ठेवू नका. 100 एमसीक्यू, बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) सोबत नेता येतो, ओपनला 45 टक्के. कायदा शोधता येतो का ते कळतं, पण कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) लिहिता येते का ते तिथे तपासलंच जात नाही. म्हणजे जे तपासायचं ते कॉलेजातच तपासायला हवं. पीअर टीमने हवं तर ढिगातली कुठलीही पाच जर्नलं उचलावीत, त्या मुलांना बोलवावं आणि त्यांनी बघितलेल्या केसबद्दल दहा मिनिटं बोलावं, सगळं समोर येईल.

माझ्याकडून कॉलेजला पाचपैकी अडीच, त्यातले दोन फक्त त्या दोन शिक्षकांचे. कॅप राऊंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसीचा (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा) वार्षिक रिपोर्ट असतो तो वाचा, मग शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठून विचारा की मूटला किती वेळा उभा राहिलास, ड्राफ्टिंग कोण शिकवतं, तपासून परत देतात का. आणि जमलं तर त्याचं जर्नल बघायला मागा.